सांधा धरेपर्यंत

"मग धुनीचा चिमटा इरण्णाला का दिलात, बुवा?" मल्हारीनं विचारलं.

रेवणबुवांनी मान वर केली नाही. झऱ्याचं पाणी मठात आणायचं होतं. ते उतारावर बसून पाइपच्या टोकाला चिकटवायचं सोल्युशन लावत होते.

चिमटा ज्याच्या हाती, बुवांमागे मठ त्याचा. मल्हारी आधीपासूनचा; धुनीची लाकडं त्यानं फोडली, राख त्यानं उपसली. इरण्णा परवा आलेला.

"गाठोडं बांधलंस म्हणे," बुवा म्हणाले. "माझी घोंगडी तेवढी ठेवून जा."

बुवांनी हातातला पाइप उचलून दाखवला.

"हा पाइप आधी काय होता, ठाऊक आहे?"

"…प्लास्टिक."

"त्याआधी वायू. विषारी."

दीक्षेआधी बुवा प्लास्टिकची भुकटी करणाऱ्या कारखान्यात होते. तिथं क्लोरीनचा एक पातळ द्रव भट्टीत तापवत. त्यातून आम्ल सुटून जाई आणि उरलेल्याचा वायू होई. त्याच्या प्रत्येक कणात एक क्लोरीन आणि कार्बनची जोडी, एकमेकांना दोन्ही हातांनी आवळलेली. मग एक हात सुटे आणि शेजारच्या कणाला धरी, शेजारचा पुढच्याला. अशी लांब साखळी झाली की पांढरी भुकटी, आणि तिचाच हा पाइप.

"आणि क्लोरीन?"

"ज्याचा त्याच्यापाशी."

मल्हारीनं विचारलं, "साखळीत पहिला कोण?"

बुवांनी इरण्णाला हाक मारली.

इरण्णा आला. त्यानं कमरेचा चिमटा काढून गवतावर ठेवला आणि दोन्ही हातांनी पाइप धरला. मल्हारीनं दुसरा पाइप आत दाबला, थोडा फिरवला.

"सांधा धरेपर्यंत सोडू नका," बुवा म्हणाले. "सोडला की मागं सरकतो."

ते वर झऱ्याकडे गेले.

चिमटा मल्हारीच्या गुडघ्याशी होता. काळा, तेलकट, बुवांच्या हाताचा… इरण्णाची मान खाली होती.

मल्हारीचा एक हात सुटला. मग दुसराही.

पाइप मागं सरकला.

"अहो दादा, धरा की," इरण्णा हळूच म्हणाला.

मल्हारीनं चिमटा दोन्ही मुठींत छातीशी घट्ट धरला होता.

बुवांनी वरून पाहिलं. रागावले नाहीत. झऱ्यापाशी पाइपच्या तोंडात कोंबलेला कापडाचा बोळा त्यांनी ओढून काढला.

सुटलेल्या सांध्यातून पाणी आलं. मल्हारीच्या पायांवर, चिखलात.

बुवा खाली आले. चिमट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दमलास, मल्हारी… ओंजळ कर. पाणी पी."