पहिल्या धारेची पारख

दारूबंदीच्या काळात फौजदार जगदाळ्यांनी म्हादबाला दारूच्या मडक्यासकट कोर्टात उभं केलं.

"ही दारूच कशावरून?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

फौजदारांनी मिशीला पीळ दिला. "चाखली ना, साहेब! पहिल्या धारेची, बाभळीच्या सालीची. नवसागर जरा कमी पडलाय."

म्हादबाने हात जोडले. "मायबाप, मी गावातला नावाजलेला दारुडा. उकिरड्यावर लोळलो, बायकूनं घराबाहेर काढलं, पण येवढी पारख जल्मात आली न्हाई. मला खुशाल आत टाका. फकस्त फौजदारसाहेबांनाबी माझ्याच कोठडीत ठेवा, चार गोष्टी शिकीन तरी!"

मॅजिस्ट्रेट फौजदारांकडे वळले. "तुमचा पिण्याचा परवाना दाखवा."

परवाना नव्हता; फौजदारांनी चाखल्याचं नाकारलं, पुरावाच उरला नाही आणि म्हादबा सुटला. शुद्धीत घरी पोचला, तर बायकोने ओळखलंच नाही.