आखूड पायाची खुर्ची

एकदा एक तरुणी सात वर्षे परदेशी शिकून मायदेशी परतली आणि घरी पुरते चार दिवसही न राहता एका वृद्धाचे घर शोधत निघाली. त्या घराचे चित्र तिच्या मनात पक्के होते. दारात चपलांचा ढीग असेल, आत तंबोरे लागत असतील, चहाच्या फेऱ्या चालू असतील, आणि मधोमध तो वृद्ध बसलेला असेल, शांत, सर्वांचा आधार. प्रत्यक्षात दारात चपलांचा एकच जोड होता. आत एकच खोली. भिंतीला टेकवलेला तंबोरा गवसणीत होता आणि गवसणीवर धूळ होती. सतरंजीवर बसून एक म्हातारा एकटाच चिवडा खात होता. त्याने मान वर केली.

"जनगणनेला आलीस का?"

"नाही बुवा. मी हंसध्वनी."

"असं होय!" त्याने चिवड्याची ताटली तिच्याकडे सरकवली. "मला वाटलं होतं, साठीची असशील. लिहितेस तरी तशी."

हंसध्वनी हे तिचे नाव नव्हते. एका दिवंगत गायिकेच्या चाहत्यांचा एक समूह होता, आधी संगणकावर, पुढे मोबाइलवर आलेला. देशोदेशी पांगलेली चारशे माणसे. त्यांची रीत अशी की आत येणाऱ्याने आपले खरे नाव बाहेर ठेवायचे आणि एखाद्या रागाचे नाव घ्यायचे. म्हणून कोणी मारवा होते, कोणी सारंग. या वृद्धाने त्या गायिकेच्या मागे बसून सत्तावीस वर्षे तंबोरा धरला होता. त्याने राग घेतला नाही. नुसते 'खर्ज' एवढेच नाव घेतले. सगळे त्याला बुवा म्हणत.

रोज सकाळी समूहावर एक खेळ चाले. कोणीतरी जुन्या मैफलीतला दोन सुरांचा तुकडा टाकायचा आणि जो सर्वांत आधी राग ओळखील त्याला सर्वांनी टाळ्या द्यायच्या. खेळ आटोपला की 'मध्यंतर' सुरू होई. मैफलीच्या मध्यंतरात रसिक चहाचा कप हातात धरून जसे घरचे बोलतात, तसे हे दालन होते. इथे संगीत नसे. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाच्या वरच्या मजल्यावरचा ड्रिल मशीनवाला. एकाने गाऱ्हाणे मांडावे आणि चाळिसांनी सल्ला द्यावा. परक्या गावी, जिथे शेजारच्या खोलीतली मुलगीसुद्धा आधी कळवल्याशिवाय दार उघडत नसे, तिथे या मध्यंतराने तिला तगवले होते. वरण कसे फोडणीला टाकायचे आणि उर्मट प्राध्यापकाला पत्र कसे लिहायचे, दोन्ही ती इथेच शिकली. माणुसकी अजून कुठे शिल्लक असेल तर ती इथे, असे तिला मनापासून वाटे.

तिने पिशवीतून कागदांचा जाड गठ्ठा काढला आणि वृद्धासमोर ठेवला.

"बुवा, मध्यंतरातले निवडक तीनशे सल्ले. पुस्तक करतेय. उद्या अकरा वाजता छापखान्यात द्यायचंय. हे नुसतं पुस्तक नाही हं. माझ्या मनात फार मोठं आहे. गावोगावी अशी मध्यंतरं उभी राहिली पाहिजेत. अनोळखी माणसं एकमेकांना सांभाळतात, हे आपण करून दाखवलंय, ते लोकांना कळायला नको? तुमची दोन शब्दांची प्रस्तावना हवी."

वृद्धाने हात पुसले आणि गठ्ठा मधेच कुठेतरी उघडला. "खोकल्याला ओव्याची पुरचुंडी. कोणाचा खोकला?"

"बिहाग यांच्या नातवाचा."

"मग? बरा झाला?"

"झाला असेल की."

त्याने पान उलटले. "'साहेब सर्वांसमोर अपमान करतात. उपाय : शांतपणे, पण स्पष्ट बोला.' हा कोणाचा सल्ला?"

"माझा," ती किंचित लाजली. "त्याला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या होत्या."

"बोलली का ती बाई स्पष्ट?"

"हो, बोलते म्हणाल्या होत्या."

"मग काय झालं?"

वृद्धाने गठ्ठा मिटला आणि चिवड्यातला शेंगदाणा शोधू लागला. तरुणीचे लक्ष खोलीभर फिरत होते. ती आल्यापासून काहीतरी शोधत होती, आणि ते तिला दिसत नव्हते.

त्याचे कारण असे. गेली चार वर्षे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बुवा मध्यंतरात एकच वाक्य लिहीत : 'माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. बसलं की डुगडुगते.' दर महिन्याला तेच वाक्य, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. त्यावर समूह दर महिन्याला तितक्याच प्रेमाने सल्ले देई. पायाखाली रबराचे बूच बसवा. बाकीचे तीन पाय तासून घ्या. फरशी तपासा. बुवांना आता आठवण राहत नाही, असे सर्वांनी मनाशी धरले होते आणि वयाचा मान राखून कोणी तसे बोलून दाखवत नसे.

"बुवा," तिने शेवटी विचारले, "ती खुर्ची कुठेय?"

"कुठली?"

"डुगडुगणारी."

"माझ्याकडे खुर्ची नाही. जन्मभर बैठकीवर बसलो, आता खुर्ची घेऊन काय करू?"

"मग दर महिन्याला..."

"तू काय लिहिलं होतंस त्यावर? बघ जरा."

तिने मोबाइल काढला. शोधले. आपले उत्तर सापडले : 'बुवा, पुठ्ठ्याची घडी ठेवून बघा. काळजी घ्या.' मग त्याच्या आधीच्या महिन्याचे सापडले. 'बुवा, पुठ्ठ्याची घडी ठेवून बघा. काळजी घ्या.' तिचे बोट वर वर सरकत गेले. एकतीस वेळा. शब्द तेच, आणि शेवटी जोडलेले हातही तेच. विसरभोळे कोण, हे तिला कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

"तुम्ही आमची चेष्टा करत होतात?" तिचा आवाज चढला.

"मारवा आठवतात तुला?"

"हो. चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या आवडीचं ध्वनिमुद्रण मीच टाकलं होतं तेव्हा."

"एकशे बारा जणांनी हात जोडले. मीही जोडले." वृद्धाने ताटली बाजूला ठेवली. "खुर्चीचं वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. त्यांनी ते एकदाच लिहिलं होतं. आपण दोन सुरांत राग ओळखणारी माणसं, मुली. तिसरा सूर ऐकायची आपल्याला गरजच वाटत नाही. तोवर दुसरा कोणी ओळखील आणि टाळ्या घेऊन जाईल. खुर्ची म्हटलं, डुगडुगते म्हटलं, झालं, ओळखला राग. मी सर्वांच्या आधी ओळखला. लिहिलं, सागवानी चकती करा आणि आखूड पायाला सुताराकडून ठोकून घ्या. साठ टाळ्या पडल्या. त्यांनी लिहिलं, 'आभारी आहे बुवा, आजच सांगते सुताराला.'

"त्या गेल्यावर त्यांच्या भाचीने पत्ता कळवला, म्हणून भेटायला गेलो. खुर्ची कोपऱ्यात होती. का कोण जाणे, मी दोरी घेतली आणि तिचे पाय मोजले. चकती सोडली तर चारही पाय सारखे होते. खुर्चीला काही झालंच नव्हतं. तोल बाईंचा जात होता. मज्जातंतूंचं दुखणं, आतल्या आत वाढत होतं. त्यांनाही उमगलं नव्हतं, त्या बिचाऱ्या खुर्चीला बोल लावत होत्या. भाची म्हणाली, 'सुतार सांगत होता, बाई, पाय सारखेच आहेत. पण मावशी म्हणाली, बुवांनी सांगितलंय ना, ठोक.' धडधाकट खुर्ची मी लंगडी करून दिली. त्याच खुर्चीवरून त्या पडल्या. खुबा मोडला. पुन्हा उठल्या नाहीत."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. वृद्ध पुढे बोलू लागला.

"विचारायचं होतं ते एवढंसं होतं. 'दुसऱ्या खुर्चीवर बसून पाहिलंत का?' बस. पण विचारलं की उत्तराची वाट पाहावी लागते. सल्ला दिला की आपण मोकळे. तेव्हापासून मी त्यांचं वाक्य दर महिन्याला टाकतो. वाटतं, कोणीतरी म्हणेल, 'बुवा, गेल्या महिन्यातही हेच म्हणालात, बरे आहात ना?' अठ्ठेचाळीस महिने झाले."

"सगळ्यांना वाटतं तुम्ही विसरता."

"मग विसरणाऱ्या म्हाताऱ्याला बघायला कोण आलं?"

"मी आले!"

"तू प्रस्तावनेला आलीस."

हा घाव वर्मी बसला. ती सात वर्षे ज्या घराची स्वप्ने पाहत होती, त्या घरात तिला आता बसवेना. ती उठली, पण गेली नाही. दारापाशी उभी राहून बोलू लागली आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत? आम्ही मूर्ख, मान्य. पण तुम्हाला तर कळलं होतं ना? कळल्यावर तुम्ही सापळा लावून बसलात! चार वर्षं आम्हाला नापास करत राहिलात. तेवढ्या काळात तिथे माणसं लिहीत नव्हती? त्या सारंग, दर आठ-दहा दिवसांनी लिहितात, दूध उतू जातं म्हणून. मी निदान सांगितलं, पातेल्यावर उलथनं आडवं ठेवा. तुम्ही तर तेवढंही लिहिलं नाहीत! बिचाऱ्या लिहितात, अगदी समोर उभी असते, तरी दूध उतू..."

ती थांबली.

"पुन्हा म्हण," वृद्ध हळूच म्हणाला.

"समोर उभी असते," ती म्हणाली. "तरी दूध उतू जातं. गॅस विझून गेला की कळतं."

दुधासमोर उभी असलेली आणि दूध न दिसणारी एक बाई त्या खोलीत येऊन उभी राहिल्यासारखी झाली. तिचे डोळे गेले होते की मन जागेवर नव्हते, की आणखी काही होते, दोघांनाही ठाऊक नव्हते. तिचे खरे नावही ठाऊक नव्हते.

"किती दिवस लिहितेय ती?" वृद्धाने विचारले.

"दिवाळीपासून."

"मी वाचलं होतं." त्याने गुडघ्यावर हात टेकले, पण तो उठला नाही. "प्रत्येक वेळी वाचलं. मनात म्हटलं, बघू या, आज तरी कोणी विचारतंय का. पोरी, तू बोललीस ते खरं आहे. कडू झालेला माणूस परीक्षा घेत बसतो. विचारत तोही नाही. त्या चकतीनंतर मी पुन्हा कोणाला सल्ला दिला नाही आणि मला वाटलं, मी शहाणा झालो. मी फक्त गप्प झालो."

तरुणीला वाटले होते, वृद्ध तिला काहीतरी सांगेल, पुढे काय करावे ते. त्याने काहीच सांगितले नाही. तिचा गठ्ठा तेवढा उचलून तिच्या हाती दिला आणि म्हणाला, "चिवडा संपव. भाजका आहे, त्रास होत नाही."

त्या रात्री ती गावातल्या एका लॉजवर राहिली. सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे समूहावर दोन सूर आले. तिने राग ओळखला आणि लिहिला नाही. कोणीतरी दुसऱ्याने ओळखला, टाळ्या झाल्या. मग मध्यंतर उघडले. सारंग यांनी लिहिले होते, 'आज पुन्हा.'

तिने लिहिले, 'सारंग, दुधासमोर उभ्या असता तेव्हा नेमकं काय होतं? आणि तुम्ही राहता कुठे?'

समूहात असा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता, म्हणून तो आपल्याला नाही, सारंग यांना आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. पाहता पाहता उत्तरे आली. 'हंसध्वनी, त्यांना मोठ्या पातेल्यात तापवायला सांगा.' 'काठाला तूप लावायचं, फेस वर येतच नाही.' 'आमच्याकडे बाई पाणी घालायची आधी!' एकाने हसरा चेहरा टाकला. त्याखाली जोडलेले हात आले. ती वाट पाहत राहिली. सल्ला देऊन मोकळे होण्याची सवय जडलेल्या बोटांना वाट पाहणे फार जड जाते, हे तिला त्या अर्ध्या तासात कळले. चाळीस सल्ल्यांच्या खाली, कोणाचे लक्ष जाऊ नये अशा जागी, सारंग यांचे उत्तर आले. त्यात फक्त एका गावाचे नाव होते. आणि खाली, जरा वेळाने, आणखी एक ओळ : 'का? कोणी येणार आहे का?'

तिने छापखान्यात फोन करून सांगितले की आज पुस्तक येणार नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, मग कधी येईल? ती म्हणाली, त्यातले खोकले बरे झाले का ते आधी विचारायचे आहे. त्याला काही कळले नाही. मग तिने मोबाइल पिशवीत टाकला आणि स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी जाऊन त्या गावाची गाडी किती वाजता सुटते ते विचारले.