भाऊसाहेबांच्या पिकअपचं दुखणं

“कर्रर्र!”

भाऊसाहेब रणनवऱ्यांनी गिअर टाकला आणि जुन्या डिझेल पिकअपनं असा आवाज काढला, की आवारातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या. त्यांनी रिव्हर्स टाकून पाहिला. “कर्रर्र!” गाडी जागची हलेना.

ही पिकअप भाऊसाहेबांच्या वडिलांनी घेतलेली. पंचवीस वर्षं टोमॅटोचे कॅरेट वाहूनही ती कधी कुरकुरली नव्हती. आठ दिवसांपूर्वी पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदा करकरली, तेव्हा स्टिअरिंगवर होता ड्रायव्हर उत्तम. सासुरवाडीचं लग्न उरकून तो त्याच सकाळी कामावर आला होता.

“दात पाडलेस माझ्या गाडीचे!” भाऊसाहेब सगळ्यांदेखत गरजले. “चल, उतर खाली! महिनाअखेर मी दिलेली खोलीही रिकामी कर!”

त्या दिवसापासून गाडीत भाऊसाहेबांशिवाय कुणी बसायचं नाही, असा हुकूम सुटला.

मग मेकॅनिक आले. पहिल्यानं लांब पेचकस गाडीच्या पोटाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि सांगितलं, “गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल.” दुसरा तासभर गाडीखाली लोळला, काळाठिक्कर होऊन बाहेर आला आणि तेच बोलला. तिसरा जिल्ह्याच्या गावाहून लॅपटॉप घेऊन आला. त्याची वायर जोडायला त्या म्हाताऱ्या गाडीत जागाच सापडेना! तरी जाताना म्हणालाच, “गिअरबॉक्स.”

“खबरदार!” भाऊसाहेब कडाडले. “वडिलांच्या गाडीचं पोट मी फाडू देणार नाही! पाना न लावता, गाडीला बोट न लावता जो दुखणं सांगेल, त्याला माझ्या गोठ्यातली हवी ती म्हैस! पण चुकला, तर वर्षभर शेण काढायचं!”

मेकॅनिक लोकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात येऊन उभी राहिली द्वारका, उत्तमची बायको. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे, असं तिची गिऱ्हाइकंच सांगत.

“मी सांगते गाडीचं दुखणं,” ती म्हणाली.

भाऊसाहेब खो खो हसले. भोवती गडी जमले होते, तेही हसले. “तू? तीन मेकॅनिक हरले आणि आता शिंपीण आली! गाडीला काय काज-बटण करायचंय?”

“तिघांनी मिळून एकच उत्तर सांगितलं, मालक. त्यापेक्षा एकालाच बोलावलं असतं, तर दोघांचा चहा वाचला असता.”

गडी फिसकन हसले. भाऊसाहेबांनी डोळे वटारताच गप्प झाले.

“शर्त ठाऊक आहे ना? बोटसुद्धा लावायचं नाही!”

“नाही लावत. पण तुम्ही लावाल ना? बसा आत.”

भाऊसाहेब आत बसले. द्वारका उघड्या दाराशी, हात मागे बांधून उभी राहिली.

“इंजिन बंदच राहू द्या. टाका गिअर.”

गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स. कुठं हूं की चूं नाही.

“आता इंजिन चालू करून टाका.”

“कर्रर्र!”

“ऐकलंत? आतले दात मोडले असते, तर बंद गाडीतही गिअर अडला असता. गिअरबॉक्स धडधाकट आहे! इंजिनाचा जोर त्याच्यापासून सुटत नाही, म्हणून तो ओरडतोय. आणि तो जोर सोडवायचं काम क्लचचं.”

“कुणी शिकवलं तुला हे? त्या उत्तमनं?”

“बारा वर्षं तो जेवताना दुसरं काय बोलतो? आता क्लच दाबा. आणखी दाबा.”

“पुरता दाबलाय!”

“नाही दाबला.”

“माझा पाय आहे की तुझा?” भाऊसाहेब लाल झाले.

“पाय तुमचा, पण डोळे माझे. मी दिवसभर पायानंच मशीन चालवते, मालक. पाय तळाला टेकला की अधेमधे अडला, ते मला लांबूनही कळतं. हा अडलाय. खाली वाकून बघा, कशावर अडलाय ते.”

भाऊसाहेब उतरले, वाकायला गेले. पोट आडवं आलं. शेवटी आवारातल्या मातीत गुडघे टेकवून त्यांनी मान आत घातली. सगळे गडी श्वास रोखून बघत होते. मालकाला गुडघ्यावर त्यांनी देवळातही पाहिलं नव्हतं.

आतून आवाज आला, “गालिचा!”

“कुणी घातला?”

भाऊसाहेबांनी मान आतच ठेवली.

“उत्तम लग्नाला गेला होता, तेव्हा दिवाणखान्यातला उरलेला गालिचा मीच घातला,” भाऊसाहेब पुटपुटले. “दुहेरी घडी करून. पाहुणे येणार होते, जरा शोभा यावी म्हणून...”

“शोभा झालीच! ओढा बाहेर.”

भाऊसाहेबांनी गालिचा ओढून काढला. पुन्हा आत बसून क्लच दाबला. पाय सरळ तळाला गेला. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. खट्! गाडी आज्ञाधारकपणे पुढे सरकली. आवाराला एक फेरी मारून भाऊसाहेब उतरले. गुडघ्यांना माती, मिशीला धूळ.

“उत्तमला सांग, उद्यापासून ये.”

“माझ्याकडं निरोप नको. पाहुण्यांदेखत हाकललंत, आता गावादेखत बोलवा. तुम्ही स्वतः गाडी घेऊन या आमच्या दारी, आणि किल्ली त्याच्या हातात द्या.”

भाऊसाहेबांनी गुडघ्यांची माती झटकली. “येतो. आणि म्हैस?”

“ती कोपऱ्यातली. गाभण.”

“अगं, ती माझी सगळ्यात चांगली म्हैस आहे!”

“म्हणूनच तर, मालक! शेण काढायची तयारी ठेवून आले होते. मग जरा चांगल्या म्हशीचं काढीन!”

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग हळूच तिच्याजवळ सरकून म्हणाले, “ने. पण द्वारके, गुडघे टेकल्याचं गावात कुणाला सांगू नकोस!”

“छे! मी कशाला सांगू?” द्वारकानं म्हशीचं दावं सोडलं. “हे वीस गडी काय मुके आहेत?”

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं. वीसच्या वीस गडी तोंडाला उपरणं लावून हसू दाबत होते. आधी मालकांची मिशी थरथरली, मग पोट हललं आणि मग भाऊसाहेब असे गडगडाटी हसले, की कोंबड्या पुन्हा पळाल्या.