कॅमेऱ्याच्या पोटातला अंधार

फार जुनी गोष्ट, निदान कॅमेऱ्यांच्या हिशेबात तरी. गजाभाऊ फोटोवाल्यांच्या कपाटात एक रोलचा कॅमेरा राहायचा. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या गजाभाऊंनी म्हातारपणी एकदाच त्या कॅमेऱ्यात स्वतःचा काढला. खिडकीतलं ऊन चेहऱ्यावर यावं म्हणून ते सकाळभर थांबले, मगच टायमर लावून समोर बसले. त्याच आठवड्यात ते गेले.

शेजारी पडलेला त्यांचा मोबाइल कॅमेऱ्याला चिडवायचा, "माझ्याकडे हजारो आहेत. तू एक तरी दाखव की!"

"उजेड लागला तर मरेल तो," कॅमेरा म्हणायचा. "रोल धुवेपर्यंत त्याला अंधारच हवा. तेवढा मी सांभाळतोय."

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. मोबाइलमध्ये सगळं गाव होतं, फक्त गजाभाऊ नव्हते. नात शलाकाने कॅमेरा छातीशी धरला. "आजोबा यातच आहेत," ती म्हणाली, आणि बघायच्या घाईने तिने त्याची पाठ उघडली.

कॅमेरा जिवाच्या आकांताने ओरडला. पण माणसांना ते ऐकू येत नाही. भर उन्हात सगळे आत डोकावले. फिल्मच्या पट्टीवर काहीच नव्हतं.

"रिकामाच होतास की रे," मोबाइल म्हणाला.

"आत्तापर्यंत नव्हतो," कॅमेरा म्हणाला, आणि पुन्हा कधीच बोलला नाही.