रंगारआळीच्या लक्षाची मोजदाद

रंगारआळीची शाळा अमावास्येपासून बंद, असा उदाजीराजांचा हुकूम सुटला आणि आळीच्या तोंडचं पाणी पळालं.

राजांना मोजण्याचं वेड होतं. हत्ती मोजून झाले, विहिरी मोजून झाल्या. मग त्यांना वाटलं, शिकण्यात कोणाचं किती लक्ष आहे तेही मोजावं. दिवाण त्र्यंबकपंत शाळाशाळांतून फिरले. वर्गाच्या दारात उभं राहायचं, ‘ज्याचं लक्ष लागतं त्यानं हात वर करावा’ म्हणायचं आणि हात मोजून पुढं चालू लागायचं. राजवाड्यातल्या पाठशाळेत सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. एकानं तर झोपेतच केले.

रंगारआळीत मात्र एकही हात वर गेला नाही. रंगवलेलं कापड उन्हात पसरलं की रंगाऱ्यांची दुपार मोकळी. तेवढ्यात ही मोठी माणसं शिकायची. त्या दिवशी पाण्याच्या हौदाचं गणित अडलं होतं. पाटीवरून कोणी मानच वर केली नाही. पंतांनी टिपून घेतलं, लक्ष शून्य.

हौसा ही आळीतली नवी सून. लग्नाआधी तिला अक्षर ठाऊक नव्हतं. आता कुठं वाचन जुळू लागलं होतं. शाळा मिटली की ते तिथंच मिटणार. सासूबाईंनी बजावलं, मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नाही. हौसानं मान डोलावली, निळ्या हातांनी पदर सारखा केला आणि थेट दरबार गाठला.

“सरकार, आमचं लक्ष होतं, म्हणूनच हात खाली होते.”

दरबार फिदीफिदी हसला. राजांना राग आला.

“मग तूच मोजून दाखव. पण एकाही विद्यार्थ्याला एकही प्रश्न विचारायचा नाही. जमलं तर शाळा राहील, नाहीतर आजच कुलूप.”

हौसानं फक्त दवंडीवाला मागितला. शिकवणं ऐन रंगात असताना त्यानं राजवाड्यातल्या पाठशाळेत आणि आळीत, दोन्हीकडे सुट्टी पुकारावी आणि राजांनी खिडकीआडून बघावं.

पाठशाळेत दवंडीवाल्याच्या तोंडून ‘आज सुट्’ एवढंच निघालं. उरलेलं त्यानं रिकाम्या बैठकीला सांगितलं. सगळ्यांत पुढं धोतराचा सोगा धरून शिकवणारे शास्त्रीबुवाच पळत होते. त्यांच्या मागोमाग युवराज.

रंगारआळीत त्यानं डफ बडवला, तर एक म्हातारा पाटीवरची नजर न काढता म्हणाला, “बाबा, ते जरा लांब नेऊन वाजव. हौद भरत आलाय.” कसला हौद ते दवंडीवाल्याला कळेना. विचारायला म्हणून तो आत टेकला, तो बाहेर आलाच नाही.

राजे परतले. पंतांनी घाईनं खुलासा केला की सुट्टी हे काही शास्त्रशुद्ध माप नव्हे. साऱ्या दरबारानं माना हलवल्या. राजांना तेवढाच धीर आला.

“बघ पोरी, याला म्हणतात लक्ष. मी बोलतो तेव्हा एक मान हलायची थांबत नाही. हे कशानं मोजशील?”

“त्याच मापानं, सरकार. दरबार बरखास्त, एवढं म्हणून बघा.”

राजे ताठ बसून तसं म्हणाले. दाराशी जोड्यांसाठी झोंबाझोंबी झाली, पंत कोणाचे तरी जोडे घालून गेले आणि दालनात राजे आणि हौसा दोघंच उरली. चवरी ढाळणारासुद्धा चवरी टाकून गेला होता.

राजे रिकाम्या दालनाकडे बघत राहिले. मग हसू लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी हुकूम फिरवला, शाळेला पक्कं छप्पर दिलं आणि शास्त्रीबुवांना तिथं पहिल्या ओळीत बसायला धाडलं. हौसाला भरजरी शालू मिळाला. तो न उलगडताच तिनं काखेत मारला आणि निघाली. शाळा सुटायला अजून थोडा वेळ होता.