रडू देईन म्हणणारी धात्री

फार पूर्वी पुष्पवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने अमात्यकुळात जन्म घेतला होता. विशाख हे त्याचे नाव. पुढे तोच राजाचा अमात्य झाला.

राणीला मुलगा झाला, पण बाळंतपणातून ती उठलीच नाही. बाळ सारखे आक्रंदे. दूध पाजणाऱ्या धात्री त्याला छातीशी धरीत. ते दोन घोट घेई आणि तोंड फिरवी. त्याचे गाल बसले, आवाज घोगरा झाला. राजाला ते रडणे ऐकवत नसे. तो उठून बागेच्या पार टोकाला जाऊन बसे.

अखेर त्याने अमात्याला बोलावले. "विशाख, जिच्या मांडीवर हे मूल रडणार नाही अशी धात्री शोध. तुझ्याने हे झाले नाही, तर अमात्यपद सोडून जा."

दवंडी पिटली गेली. अंगावर दूध असलेल्या बाया राजवाड्यात जमल्या. विशाखाशेजारी राजपुरोहित पिंगल बसला आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारू लागला, "राजपुत्र रडू लागला तर काय करशील?"

एक म्हणाली, "अंगाई म्हणेन. माझा गळा साऱ्या आळीत नावाजलेला आहे." दुसरीने चांदीचा खुळखुळाच आणला होता. तिसरी म्हणाली, "माझ्या हातात मूल रडतच नाही." पुरोहिताने समाधानाने मान डोलावली.

शेवटी तिष्या नावाची एका विणकराची बायको पुढे आली. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "रडू देईन."

बायांमध्ये हशा पिकला. पिंगल चिडला. "ऊठ बाई. रडणे थांबवायला बोलावले आहे, एवढेही कळले नाही तुला?"

ती उठून दाराकडे वळली.

"थांब," विशाख म्हणाला. "तुझे बोलणे अर्धेच राहिले. रडू दिल्यावर काय करशील?"

ती पुन्हा बसली. "जवळ घेऊन बसेन, आर्य. त्याची आई गेली. तिचा वास, तिचा आवाज त्याला कुठे सापडत नाही. मोठ्या माणसाचे कुणी गेले तर चार माणसे येऊन बसतात. ह्याला मात्र जो तो गप्पच करतो." तिने पदर सारखा केला. "माझे बाळ गेले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, रडू नकोस, दुसरे होईल. मला कुणी पोटभर रडूच दिले नाही."

पिंगल विशाखाच्या कानाशी लागला. "मूल गेलेली बाई! हा अपशकुन राजपुत्राजवळ नेणार? त्या तिसरीला घे. राजाला शांतता हवी आहे, आणि तुला तुझे पद."

विशाखाच्या मनात आले, 'राजाला काय हवे ते सगळ्यांनी सांगितले. बाळाला काय हवे ते हिने एकटीने सांगितले.' तो म्हणाला, "हिलाच नेऊ."

तिष्येने बाळाला घेतले आणि त्याने असा टाहो फोडला की दासदासी धावत आल्या. तिने झुलवले नाही, की खेळणे दाखवले नाही. पाठीवरून हात फिरवीत ती म्हणत राहिली, "हो रे राजा, हो. गेली तुझी आई. गेली." तिचेही डोळे वाहत होते.

राजा संतापून आत आला. "विशाख! हीच का ती?"

"महाराज, पद सोडायला मी तयार आहे," विशाख हात जोडून म्हणाला. "पण त्याला एकदा रडू द्या."

'गेली तुझी आई' हे शब्द राणी गेल्यापासून त्या महालात कुणी उच्चारले नव्हते. ते राजाच्या कानी पडले. तो तिथेच जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. हळूहळू बाळाच्या रडण्याचे मुसमुसणे झाले. मग त्याने चाचपडत तोंड वळवले, आणि ते दूध पिऊ लागले. पोटभर प्यायले.

दुसऱ्या दिवशीही ते रडले, आणि प्यायले. त्याने बाळसे धरले. राजा तिष्येला बहीण म्हणू लागला. विशाखाच्या पदाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: भिक्षुसंघात प्रवेश मागणाऱ्या एका तरुणाला ज्येष्ठ भिक्षू स्थविर भद्रकाने विचारले होते, "भिक्षू का व्हायचे आहे?" तो "ठाऊक नाही" म्हणाला, म्हणून त्याला परत पाठवले गेले. ते कळल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुमंगल. अमात्य विशाख म्हणजे मीच. पुरोहित पिंगल म्हणजे तू, भद्रका. आणि तिष्या म्हणजे तू आज परत पाठवलेला तो तरुण."

भद्रक उठला आणि भर उन्हात त्या तरुणाच्या मागे निघाला.

दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, हीच येथे करुणा होय.