दणकोबाचा पूल

जंगलात कॉम्प्युटर नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यापलीकडचे आंबे पिकले आणि वानरांनी सुगरणीकडे वेलींचा पूल मागितला. विणकामात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तरी हल्ली ती आधी कॉम्प्युटरवर पूल काढून, त्यावर भार टाकून बघायची आणि मगच विणायची.

"तुमची मंडळी पूल ओलांडतात कशी?" तिने विचारलं.

म्होरक्या दणकोबाने ऐटीत शेपूट सावरलं. "आमचं घराणं खानदानी! एकामागून एक, पायसुद्धा न वाजवता!"

सुगरणीने तसंच भरलं. पडद्यावर पूल हिरवागार दिसला, म्हणजे कुठेच जादा ताण नव्हता.

पूल बांधून झाला. पहिलं वानर त्यावर नाचलं, दुसरं त्याच्या खांद्यावर चढलं, बाकीची शेपटांनी लोंबकळून झोके घेऊ लागली आणि मधोमध खुद्द दणकोबाने कोलांटी मारली. काड्कन! अख्खं खानदान ओढ्यात!

निथळता दणकोबा तावातावाने आला. "खोटारडा आहे तुझा कॉम्प्युटर!"

"तुम्ही जे सांगितलंत तेच मी त्याला सांगितलं," सुगरण म्हणाली. "बोला, आता काय भरू?"

दणकोबाने मागे पाहिलं. मंडळी खिदळत एकमेकांवर पाणी उडवत होती. तो हळूच तिच्या कानाशी वाकला.

"कोलांट्या लिही. आणि माझ्या जरा जास्तच धर."